मावशी, रावसाहेब आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘विजया मेहता यांची कारकीर्द’. मी नाट्यसमीक्षक नाही, वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. त्यांची गाजलेली नाटकं माझ्या जन्माच्या आधीची. म्हणून अभिनयाची चिकित्सा करण्याच्या फंदात मी पडणार नाही. त्यांच्या कामाने मला कुठे अडवलं, तेवढंच सांगणार आहे.

आधी थोडी माहिती, कारण शिबिरातल्या तरुण मुलींना ती असेलच असं नाही. विजयाबाईंचा जन्म १९३४ साली बडोद्याचा. माहेरच्या जयवंत. मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे त्या शिकल्या. १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशा मंडळींबरोबर त्यांनी ‘रंगायन’ उभी केली. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास ‘रंगायन’शिवाय लिहिताच येत नाही. १९७५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८७ मध्ये पद्मश्री. पुढे मुंबईच्या एनसीपीएची सूत्रं त्यांनी अनेक वर्षं सांभाळली. २०१२ मध्ये ‘झिम्मा’ हे त्यांचं आत्मचरित्र आलं.

या यादीत एक गोष्ट दिसत नाही. दुर्गा खोटे यांचे चिरंजीव हरीन हे त्यांचे पहिले पती. ते अकाली गेले, तेव्हा विजयाबाई दोन लहान मुलांच्या आई होत्या. पुढे त्यांनी फारुख मेहता यांच्याशी लग्न केलं. हे मी कुतूहल म्हणून सांगत नाही. तरुण विधवेने काम चालू ठेवणं आणि पुन्हा संसार मांडणं, या दोन गोष्टी आपल्या वस्तीत आजही किती अवघड आहेत हे तुम्हाला माहीत आहे.

नटी असणं लोकांनी एक वेळ चालवून घेतलं. दिग्दर्शकाचं काम मात्र वेगळं. कोणी कुठे उभं राहायचं, कुठे थांबायचं, काय पुन्हा करायचं हे सांगायचं असतं, आणि समोरच्या पुरुषांनी ते ऐकायचं असतं. हे विजयाबाईंनी अनेक दशकं केलं. आपल्या बचत गटाच्या अध्यक्ष बाईला बँकेत ‘साहेबांना घेऊन या’ असं ऐकावं लागतं, तेव्हा या गोष्टीची किंमत कळते.

आता एक आक्षेप. त्यांनी केलेली बरीच गाजलेली नाटकं पुरुषांनी लिहिलेली. जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’, खानोलकरांनी ब्रेख्तवरून केलेलं ‘अजब न्याय वर्तुळाचा’, एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. मग यात बाईचं काय? मला वाटतं, कोणतं नाटक उचलायचं आणि त्यातल्या कोणाकडे बघायला लावायचं, हे दिग्दर्शकाच्या हातात असतं. ‘वाडा चिरेबंदी’त वऱ्हाडातलं देशपांडे घराणं मोडकळीला आलंय. पण शिकायची इच्छा असूनही घरात अडकून पडलेली प्रभा बघितली की आपल्याला १९९४ चा महाराष्ट्राचा कायदा आठवतो, ज्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने आणलं, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. देशभर हा हक्क यायला २००५ साल उजाडलं. प्रभासारख्या किती जणी तोवर दिवाणखान्याच्या आतच राहिल्या. ‘अजब न्याय वर्तुळाचा’मध्ये मूल कोणाचं, जन्म देणारीचं की जीव लावून वाढवणारीचं, असा निवाडा आहे. आपल्या समुपदेशन केंद्रात तो प्रश्न दर आठवड्याला येतो.

मला अडवलं ते ‘बॅरिस्टर’ने. त्यावरून विजयाबाईंनी १९८५ मध्ये ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. विलायतेहून शिकून आलेले रावसाहेब, म्हणजे अनुपम खेर. त्यांच्या वाड्यात राहणारी राधिका, तन्वी आझमी, ऐन तारुण्यात विधवा होते. रावसाहेब रूढींच्या विरुद्ध बोलतात, तिला आधार देतात, तिच्या मनात आशा जागी करतात. आणि स्वतः पाऊल उचलायची वेळ आली की त्यांचा धीर सुटतो. घरातली म्हातारी विधवा मावशी विजयाबाईंनी स्वतः केली आहे. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिचं सगळं आयुष्य रूढीने खाल्लं, ती मावशी त्या मुलीच्या बाजूने उभी राहते. सगळं वाचलेला माणूस मागे सरतो.

हा चित्रपट मी पाहिला तेव्हा आमच्या केंद्रात एक बाई येत होती. वय सव्वीस, नवरा अपघातात गेलेला, चार वर्षांचा मुलगा. ओळखीतला एक माणूस मुलासकट तिच्याशी लग्नाला तयार होता. सासरच्यांनी सांगितलं, लग्न केलंस तर पोरगं इथे ठेवायचं आणि वाट्याचं नाव काढायचं नाही. कायदा मला पाठ होता. नवऱ्याच्या मालमत्तेत मिळालेला विधवेचा वाटा पुनर्विवाहाने जात नाही. वडील गेल्यावर आईच नैसर्गिक पालक असते, आणि केवळ पुन्हा लग्न केलं म्हणून मूल काढून घेता येत नाही. मुलाचं हित बघावं लागतं. मी तिला हे सगळं नीट समजावलं. तिने विचारलं, “ताई, तुम्ही माझ्याबरोबर घरी याल का, त्यांच्यासमोर हे बोलायला?”

मी म्हटलं, “जरा थांबू या. वातावरण निवळू दे.”

वस्तीतली ती घरं आमच्या इतर कामात मदत करणारी होती. ती दुखावू नयेत असं मला वाटत होतं. हे मी तिला सांगितलं नाही. ती थांबली. सहा महिन्यांनी त्या माणसाचं लग्न दुसरीकडे झालं. ती माझ्यावर रागावली नाही, हे मला जास्त लागलं.

त्यानंतर मी ‘रावसाहेब’ पुन्हा पाहिला. पहिल्यांदा मी राधिकेसाठी रडले होते. या वेळी माझी नजर रावसाहेबांवरून हलेना. पदवी माझ्याकडेही होती, शब्दही होते.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारने त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपण टाळ्या वाजवल्या, योग्यच केलं. पण ठरावानंतर हळदीकुंकवाला त्या बाईला हाताला धरून कोण नेणार, हा प्रश्न उरतोच.

आमच्या केंद्रात आता आम्ही एक नियम केलाय. बाई ‘बरोबर या’ म्हणाली, तर दोघींनी जायचं, त्याच आठवड्यात. दरवेळी जमतंच असं नाही. जमलं नाही तर कारण बैठकीत सर्वांसमोर सांगायचं.

विजयाबाईंना दिग्दर्शकाचा मान होता. तरी पडद्यावर त्यांनी स्वतःसाठी कोपऱ्यातली मावशी घेतली. भाषणं रावसाहेबांकडे होती. तुम्ही उद्या आपापल्या वस्तीत जाल, तेव्हा यातली कोणती भूमिका आपण करतोय, हे स्वतःला विचारा. मी अजून विचारते आहे.