तंजावरच्या किनाऱ्यावरील दोन मनोरे

तंजावर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर, आणि त्याच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा तो प्रदीर्घ मराठी लेख. मराठी प्रवासी तो लेख पाहतो, सरस्वती महालात डोकावतो आणि परततो. या राज्याला समुद्रकिनाराही होता, हे बहुधा त्याच्या ध्यानी येत नाही. १९९१ साली जुन्या तंजावर जिल्ह्याचे विभाजन होऊन किनाऱ्याचा मोठा भाग नागपट्टणम् जिल्ह्यात गेला. आज मी त्या जुन्या, अखंड किनाऱ्याविषयी बोलणार आहे.

उत्तरेकडे तरंगंबाडी. रघुनाथ नायकाच्या परवानगीने १६२० साली डेन्मार्कच्या लोकांनी येथे डॅन्सबोर्ग किल्ला बांधला आणि १८४५ साली ते ठाणे इंग्रजांना विकून ते निघून गेले. तेथून दक्षिणेस नागोर. शाहूल हमीद या साधुपुरुषाचा दर्गा येथे आहे आणि नावाडी लोक त्यास आपला रक्षणकर्ता मानतात. दर्ग्याच्या पाच मनोऱ्यांपैकी सर्वांत उंच, १३१ फुटांचा, मनोरा बांधला तो तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्याने (१७३९ ते १७६३). पुत्रलाभाच्या कृतज्ञतेने त्याने तो उभारला, अशी तेथील श्रद्धा आहे. मराठ्यांच्या मुलूखगिरीच्या कथा आपण आवडीने सांगतो. हा मनोरा मात्र त्यांत क्वचितच येतो.

दुसरा मनोरा पट्टुकोट्टैच्या पलीकडे, मल्लिपट्टणमजवळ आहे. सभोवार तट व खंदक, मध्ये षट्कोनी, मजल्यामागून मजले निमुळता होत गेलेला बुरूज. त्याचे तमिळ नावच ‘मनोरा’. गावकऱ्याच्या तोंडून हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मी क्षणभर थबकलोच. बांधणारे सरफोजी महाराज, दुसरे. पण कशासाठी? ब्रिटिशांच्या विजयाचे आणि नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून! तसे सांगणारे लेख तेथे मराठीसह पाच भाषांत आहेत. हे स्मारक वॉटर्लूचे, असे पुष्कळदा छापले जाते. लेखातील साल मात्र १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई १८१५ च्या जूनमधली. तेव्हा येथे अभिप्रेत आहे तो नेपोलियनचा पहिला पदत्याग.

शिवछत्रपतींच्या भावाच्या वंशजाने असे स्मारक उभारावे, याचा विषाद वाटतो, मलाही वाटला. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजाच्या हाती तंजावरचा किल्ला व नेमणूक एवढेच उरले होते. ज्यांनी राज्य घेतले, त्यांच्याच जयाचा हा स्तंभ. कोणी याला लाचारी म्हणेल, कोणी मुत्सद्देगिरी. सरफोजींचे पालक व गुरू श्वार्ट्झ हे जर्मन पाद्री होते आणि गादी त्यांना कंपनीच्या पाठिंब्याने मिळाली होती, हेही विसरून चालणार नाही.

परंतु निवाडा देण्यापूर्वी परतीच्या वाटेवर ओरत्तनाडूस थांबावे. तेथे सरफोजींनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र आहे. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी अशी अनेक छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा, घातली होती. ही छत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. त्यात राज्य परत मागितलेले नाही. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूला तेथे अन्न मिळते, आजाऱ्याला वैद्य, पोरक्या मुलांना शिक्षक, तान्ह्यांना दूध. गर्भिणीची देखभाल होते, आणि वाटेत मेलेल्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातिधर्माप्रमाणे केले जातात, असा सारा तपशील त्यांनी एखाद्या दक्ष कारभाऱ्याप्रमाणे मांडला आहे. मनोऱ्यावरच्या पाचही भाषांत यांतले एक अक्षर नाही.