पांढरी कड



आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली बोटं एकदा साऱ्या देशानं पाहिली आहेत. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. त्यासाठी गावातल्या बायकांनी दहाही बोटं यंत्रावर टेकवली. यंत्राला हवी होती बोटांची आतली बाजू. आज आपण हात जरा पालथा करू आणि नखांबद्दल बोलू.

गेल्या लग्नसराईत माझी भाची नेलपॉलिशच्या दोन बाटल्या घेऊन आली. एक पांढरी, एक अगदी फिकी गुलाबी. म्हणाली, “आत्या, मला फ्रेंच मॅनिक्युअर करून दे. पार्लरला जायचं नाही, घरीच करायचं.” आम्ही ओट्यावर सगळं मांडून बसलो. तिची आजी डोकावून गेली. “हाई काय करी राहिनी, माय?” तिला समजावून सांगितलं, की नखाचं टोक पांढरं रंगवायचं आणि बाकीचं गुलाबी. आजीनं स्वतःचा हात पाहिला आणि म्हणाली, “नख त आसंच ऱ्हास ना!”

आजीनं एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं. नख मुळात असंच असतं. खाली रक्ताचा गुलाबी रंग आणि बोटाच्या पुढे गेलेली पांढरी कड. निसर्गानं आखलेली ती रेघ आपण फक्त गिरवायची.

नाव फ्रेंच असलं तरी ही पद्धत अमेरिकेतली. ऑर्ली कंपनीचे जेफ पिंक यांनी १९७५ च्या सुमारास ती हॉलिवूडच्या नट्यांसाठी काढली, असं सांगतात. एका दिवसात चार पोशाख बदलायचे, तर दर वेळी नखांचा रंग कुठे बदलत बसणार? म्हणून कुठल्याही कपड्यावर चालेल असा रंग त्यांनी शोधला. पुढे पॅरिसच्या फॅशनवाल्यांना तो आवडला आणि नाव फ्रेंच पडलं. आपल्याकडेही अशी एक गंमत आहे. १९५२ साली टाटांनी सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली आणि नाव ठेवलं लॅक्मे. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेतलं, आणि त्याचं मूळ आपली लक्ष्मी! बोटांच्या टोकावर लक्ष्मी राहते, असं सकाळी तळहात पाहून म्हणायच्या श्लोकात आपण ऐकलंच आहे. म्हणजे ती पॅरिसला जाऊन, बाटलीत बसून परत आपल्या नखांवरच आली.

आता प्रत्यक्ष काम. वेळ दुपारची निवडा, धुणीभांडी उरकल्यावरची. रात्री झोपताना लावलंत, तर सकाळी नखांवर गोधडीची नक्षी उमटलेली दिसेल. आधी जुना रंग काढा. मग कानशीनं नखांना आकार द्या, पण एकाच दिशेनं. करवतीसारखं मागेपुढे घासलं की नखाचे पापुद्रे सुटतात. पाच मिनिटं कोमट पाण्यात बोटं बुडवा. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी मऊ कापडानं हळूच मागे सारा. ती कापू नका. जंतू आत शिरू नयेत म्हणून ते दार देवानंच लावलेलं आहे. हात कोरडे करून प्रत्येक नखावर रिमूव्हरचा बोळा एकदा फिरवा. नखावर तेलाचा अंश राहिला, तर रंग दोन दिवसांत सालासारखा निघतो.

पहिला हात बेस कोटचा. तो वाळला की पांढरी कड. बाटली जोरात हलवू नका, हवेचे बुडबुडे होतात. दोन्ही तळहातांत धरून रवीसारखी फिरवा. ब्रशवर रंग अगदी थोडा घ्या, कोपर टेबलावर टेकवा आणि ब्रश स्थिर ठेवून बोटच फिरवा. रेघ आपोआप गोल येते. नखं आखूड असली तर कड दोऱ्याइतकीच बारीक ठेवा. जाड कड घेतली की बोटं बुटकी दिसतात. उजव्या हाताला डावा हात रंग लावणार, तो थरथरणारच. म्हणून ते कठीण काम आधी करून टाका. रंग बाहेर गेला, तर काडीला कापूस गुंडाळून रिमूव्हरमध्ये बुडवा आणि पुसून घ्या. पांढरा वाळला की त्यावरून फिका गुलाबी लावा. तो पांढऱ्याचा करकरीतपणा कमी करतो आणि वेडीवाकडी रेघही सांभाळून घेतो. शेवटी टॉप कोट, नखाच्या टोकावरूनही फिरवायचा. भर पंख्याखाली बसू नका. वर साय धरते आणि आत ओलं राहतं. आणि हे सगळं पेटत्या गॅसपासून दूर. नेलपॉलिश आणि रिमूव्हर, दोन्ही चटकन पेट घेतात.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या हातांना हे चोचले कुठून परवडणार? मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाईच्या नखांत तिखट शिरतं आणि रात्रभर आग होते. तिच्यासाठी पहिलं मॅनिक्युअर हेच. पाण्यानं धुण्याआधी हातांना खायचं तेल चोळा, नखांच्या आतपर्यंत, आणि मग साबण लावा. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. रंग लावा न लावा, नखं आखूड आणि स्वच्छ असली, की निम्मी शोभा तिथेच आली.

शेवटची गोष्ट मात्र शोभेची नाही. दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, तेव्हा एका बोटाचा रंग पुसून टाका. गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो. आपल्या भागात सिकलसेल आहे, बायकांमध्ये रक्त कमी असणंही नवं नाही. नर्सबाई आधी डोळ्यांची पापणी बघतात, मग नखं. म्हणून उद्या सकाळी तळहात बघून झाला, की रंग लावण्याआधी एकदा हात पालथाही करा. नख दाबून सोडा. गुलाबी रंग लगेच परत येतोय ना, की सगळीच नखं पांढुरकी दिसताहेत? तसं असेल, तर आधी रक्त तपासून घ्या. पांढरी कड काय, पुढच्या आठवड्यातही काढता येईल.