बाप्तिस्मा आणि रक्त : गार्सिया द ऑर्ताच्या अस्थींवरून एक प्रश्न



म्हापशाहून धारगळला येताना कोलवाळचा पूल लागतो. आपण तो दोन मिनिटांत ओलांडतो. सोळाव्या-सतराव्या शतकात मात्र ही नदी राज्याची हद्द होती. त्या बाजूला बार्देश पोर्तुगीजांच्या ताब्यात, आणि पेडणे त्यांच्या हाती गेले ते थेट 1788 साली. बार्देशातून देव घेऊन निघालेली माणसे हीच नदी ओलांडून इकडे आली. तुमच्या गावच्या शांतादुर्गेची कथाही त्याच वाटेची. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीत नार्व्याला गेला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा उभे केले, हे तर शाळेतली पोरेही सांगतात.

त्यामुळे इन्क्विझिशन म्हटले की आपल्याला आपली देवळे आठवतात, आणि ते साहजिक आहे. आज मात्र मला त्या न्यायासनाच्या पहिल्या गिऱ्हाइकांबद्दल बोलायचे आहे. ते हिंदू नव्हते. ते ज्यू वंशाचे ख्रिस्ती होते.

निमित्त सांगतो. मागे एका वाचनालयात बोलून झाल्यावर एक तरुण उठला आणि म्हणाला, "सर, हिटलर शेवटी ह्यांच्याच धर्मातून आला ना?" 'ह्यांच्या' म्हणताना त्याने मान चर्चच्या दिशेने हलवली. सभागृहात दोन-तीन ख्रिस्ती मंडळी बसली होती. मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. ते मला लागून राहिले आहे. आजचे बोलणे म्हणजे ते राहिलेले उत्तर.

1492 साली स्पेनने ज्यूंना हाकलले. त्यांतले पुष्कळ पोर्तुगालात आले, आणि तिथे 1497 साली त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशांना नाव पडले 'नवे ख्रिस्ती'. स्पेनहून आलेल्या अशाच एका कुटुंबात गार्सिया द ऑर्ता जन्मला. वैद्यकी शिकला, 1534 साली गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषध देऊ लागला. त्याच्या औषधी वनस्पतींवरील संवादांचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. आंबा, फणस, हिंग, नारळ, सगळे त्यात आहे. पटकीला त्याने 'मोर्देशी' म्हटले आहे. म्हणजे आपली मोडशी. युरोपातल्या विद्वानांनी काय लिहिले यापेक्षा इथले वैद्य काय म्हणतात हे तो विचारत होता. आज धारगळात आयुर्वेदाची अखिल भारतीय संस्था उभी आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांना हा माणूस ठाऊक असावा असे मला वाटते, पण ते राहू द्या.

ऑर्ता 1568 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळले, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल. आणि 4 डिसेंबर 1580 रोजी ऑर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून त्याही जाळल्या. मरून बारा वर्षे झालेल्या माणसावर खटला चालवून त्याला शिक्षा दिली.

हे न्यायासन आले कसे? फ्रान्सिस झेवियरने 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची मागणी केली. इथे बरेच लोक मोझेसच्या आणि महंमदाच्या मार्गाने चालतात, ही त्याची तक्रार होती. न्यायासन 1560 साली आले, तोवर झेवियर हयात नव्हता. पण त्याआधीच, 1543 साली, जेरोनिमो दियाश नावाच्या एका नव्या ख्रिस्ती वैद्याला गोव्यात मारून जाळले होते. योगायोग असा की त्याच साली तिकडे जर्मनीत मार्टिन लूथरने ज्यूंविरुद्ध आपली जळजळीत पुस्तिका छापली. लूथर पोपचा हाडवैरी, गोव्यातले पाद्री पोपचे निष्ठावंत. या एका बाबतीत मात्र दोघे एका बाजूला.

आता मूळ प्रश्न. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा ज्यूंवर आरोप होता तो ख्रिस्ताला मारल्याचा. 1215 सालच्या लॅटरन परिषदेने ज्यूंनी वेगळा दिसणारा पोशाख करावा असे ठरवले. पण शास्त्राप्रमाणे बाप्तिस्मा घेतला की सगळे पुसले जाते. नाझींना बाप्तिस्म्याने काहीच फरक पडत नव्हता. एडिथ श्टाइन कॅथलिक जोगीण झाली होती, तिला 1942 साली आउश्वित्झला मारलेच. म्हणून अनेक ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात की नाझींचा द्वेष वंशाचा होता, चर्चचा धर्माचा होता, दोन्हींचा संबंध नाही.

हा युक्तिवाद मला पुरा पटत नाही, आणि न पटण्याचे कारण ऑर्ताच्या घराण्यात आहे. त्याचा बाप्तिस्मा झालेला होता. तरी तो 'नवा' ख्रिस्तीच राहिला. स्पेनमध्ये तोलेदो शहराने 1449 सालीच ठराव केला होता की ज्यू वंशाच्या ख्रिस्ती माणसाला अधिकाराची जागा द्यायची नाही. याला 'रक्ताची शुद्धता' म्हणत. 1593 साली जेझुइट संघानेही ज्यू पूर्वजांच्या माणसांना दार बंद केले, जरी त्यांचा दुसरा प्रमुख लाइनेझ हा स्वतः तशाच कुळातला होता. म्हणजे धर्माची भाषा रक्ताच्या भाषेत बदलली ती विसाव्या शतकात नव्हे, आणि चर्चच्या बाहेरही नव्हे. पुढे 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे ठरवले ते आजी-आजोबांवरून. आणि आजोबा ज्यू होते की नाही हे कळायचे कसे? चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या काढून. वंशशास्त्राच्या एवढ्या गप्पा मारणाऱ्यांना शेवटी पाद्रीबाबांची वही लागली.

तरीही 'हिटलर ह्यांच्यातून आला' हे वाक्य खोटे आहे. थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचे क्रिस्तपुराण पाहा. 1616 साली राचोलला छापलेल्या त्या मराठी ओव्यांत क्रूसाची सगळी कथा आहे, आणि त्या कथेत ज्यू जमाव आहेच. साष्टीतले नवख्रिस्ती लोक ती कथा देवळात ऐकत. त्याने गोव्यातल्या गावकऱ्यांच्या मनात ज्यूद्वेष रुजला असे दिसत नाही. कथा एकटी पुरत नाही. तिला न्यायासन लागते, कारकून लागतात, जप्तीतून मिळणारा पैसा लागतो, आणि शेजाऱ्याची चुगली करायला लावणारी भीती लागते. जुन्या गोव्यात लोक त्या वाड्याला नुसते 'व्हडलें घर' म्हणत. जर्मनीतल्या छावण्यांनाही त्यांची स्वतःची कारणे होती: हरलेले महायुद्ध, आर्थिक कोसळ, एक पक्ष, एक सरकार. माझे मत विचाराल तर, चर्चने चूल घातली आणि शतकानुशतके सरपण रचून ठेवले. ते पेटवणारे दुसरे होते. सरपण रचणाऱ्याला खुनी म्हणता येत नाही, पण त्याला 'मी तिथे नव्हतोच' असेही म्हणता येत नाही. रोमनेही हे उशिरा का होईना ओळखले: ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष साऱ्या ज्यूंवर टाकता येत नाही, हे व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी लेखी सांगितले.

आणि त्या तरुणाने ज्यांच्याकडे मान हलवली, ती माणसे कोण? इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चालत असे. सुमारे सोळा हजार खटले झाले. सुरुवातीची वर्षे सोडली तर त्यांतले बहुतेक इथल्याच बाटलेल्या माणसांवर होते. तुळस लावली, लग्नात जुनी गाणी म्हटली, धोतर नेसले म्हणून. 1736 च्या फर्मानात ही यादीच आहे. अनंत काकबा प्रियोळकरांनी 1961 साली हे सगळे पुस्तकात मांडले. म्हणजे बार्देशातला आजचा कॅथलिक शेजारी हा त्या न्यायाधीशाचा नव्हे, आरोपीचा नातू आहे. न्यायाधीश जहाजात बसून परत गेले.

आपल्याकडे बोट दाखवायची वेळ आली की आपण बेने इस्रायलींचे नाव घेतो. कोकणात ते शतकानुशतके राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले, मराठीत कीर्तने केली, आणि कोणी त्यांना जाळले नाही. खरे आहे, अभिमान वाटावा असे आहे. पण त्याच कोकणात महाराची सावली चुकवणारे लोकही होते. पोर्तुगीजांचा 'कास्ता' हा शब्द कुळासाठी, वाणासाठी होता. इथे येऊन त्यांनी तो आपल्या जातीला लावला, कारण त्यांना ओळखीचे काहीतरी दिसले. आणि आज मराठी पुस्तकांच्या दुकानात हिटलरचे 'माझा लढा' चांगले खपते. विकत घेणारा ख्रिस्ती नसतो.

हे मी त्या दिवशी त्या मुलाला सांगायला हवे होते. तो आज सभागृहात असेल तर नंतर भेटावे.

ऑर्ताचे थडगे गोव्यात कुठेच नाही. पणजीत चर्चजवळच्या पालिका उद्यानाला त्याचे नाव दिलेले आहे. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसे बाकावर बसून गप्पा मारतात.