रात्रीचा विसावा

आज आपण आपल्या छातीतल्या एका गड्याविषयी बोलू. हा गडी आईच्या पोटात असल्यापासून कामाला लागतो, तो मरेपर्यंत थांबत नाही. त्याचे नाव हृदय.

आधी आपली नाडी पाहा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवा. ठोके लागतात ना? मिनिटभर मोजा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके बहुधा ६० ते १०० भरतात. दिवस आणि रात्र मिळून ते सुमारे १ लाख होतात!

पण हे ठोके सदा सारखे नसतात. श्वास आत घेतला की किंचित भरभर पडतात, सोडला की सावकाश. चढण चढलात, रागावलात, की वाढतात. झोपलात की कमी होतात.

रक्ताचा दाबही असाच चढतो-उतरतो. दाब म्हणजे काय? रक्त वाहताना रक्तवाहिन्यांना आतून जो जोर देते, तो दाब. निरोगी माणसाचा दाब झोपेत शंभराला १० ते २० इतका उतरतो. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो पुन्हा चढू लागतो.

पूर्वी विहिरीवर मोट चाले. दिवसभर ओढून बैल संध्याकाळी सुटत. रात्री वैरण खात, रवंथ करीत. म्हणून सकाळी पुन्हा जुंपता येत. हृदयाला कोणी सोडत नाही. रात्री ओझे हलके होते, तेवढाच त्याचा विसावा.

आता ज्याचा दाब वाढला आहे, त्याचे काय होते? दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० असा, अथवा त्याहून जास्त, येत राहिला, तर दाब वाढला असे डॉक्टर म्हणतात. अशा काही लोकांचा दाब रात्रीही उतरत नाही. माणूस घोरत पडलेला, आणि आत बैल जुंपलेलाच! मग हृदयाची भिंत जाड आणि ताठ होत जाते. श्वासाबरोबर ठोक्यांत होणारा फरकही कमी होतो. कधी कधी नाडी वेडीवाकडी चालू लागते. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, सगळ्यांना धोका वाढतो. हृदयाचा झटका आणि पक्षाघात सकाळच्या वेळी जास्त येतात, ते उगीच नव्हे.

आमच्या शेजारी एक आजोबा होते. दाबाच्या गोळ्या चालू होत्या. "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" म्हणून त्यांनी त्या सोडल्या. आम्ही ऐकले आणि हसून सोडून दिले. एका सकाळी त्यांच्या हातातला तांब्या गळून पडला. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले. घरच्यांनी आधी अंगारा लावला. दवाखाना गाठायला दुपार झाली. आजोबा वाचले, पण उजवा हात कायमचा गेला. आम्ही त्या दिवशी हसलो नसतो तर, असे अजून मनात येते.

म्हणून सांगतो. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तो मोजावाच लागतो. रोजचे मीठ, लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले धरून, चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत ठेवा. मीठ कमी केल्याने काहींचा रात्रीचा दाब पुन्हा उतरू लागतो. तंबाखू, मशेरी, विडी सोडा. घोरताना कुणाचा श्वास मध्येच अडत असेल, तर डॉक्टरांना सांगा. गोळी रोज, सांगितल्या वेळी घ्या. आपल्या मनाने बंद करू नका.

आणि कुणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा.

बैलाला आपण जपतो. मग छातीतल्या या गड्याला जपायला नको का?