चार कुलपांची पेटी



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलावला, की तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत आणि नवे कामगार कायदे यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. चालकांनी मात्र आम्हांला विषय दिला तो 'उन्हाळी सुट्टी आणि लोकसेवा' हा. तो आम्ही एका लहानशा ल्यूथरपंथी ख्रिस्ती मंडळीच्या कामावरून मांडणार आहोत. काहींना नवल वाटेल. पण आमच्या संघटनेचे काही सभासद त्या मंडळीत आहेत, त्यांचे काम आम्ही जवळून पाहिले आहे, आणि त्यात आपणां सर्वांच्या विचारासाठी पुष्कळ काही आहे.

ल्यूथरपंथी म्हणजे कोण, हे आधी थोडक्यात सांगतो. १५१७ साली जर्मनीत विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथर या धर्मोपदेशकाने पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध आवाज उठविला आणि त्यातून हा पंथ निघाला. आपल्या देशात तो १७०६ मध्ये तामिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीस आला, आणि १८४५ मध्ये बर्लिनच्या गोस्नर मिशनचे लोक रांचीस पोहोचले. महाराष्ट्रात या पंथाची माणसे थोडी. इकडे मुख्यतः वाढले ते अमेरिकन मराठी मिशनचे काम, आणि ते मिशन निराळ्या पंथाचे. तेव्हा अंबरनाथ-बदलापुराकडे जी ल्यूथरपंथी घरे आहेत ती पोटामागे आलेली. कोणी झारखंडातून, कोणी तामिळनाडूतून. आम्ही सांगतो त्या मंडळीला स्वतःचे मंदिर नाही. भाड्याच्या खोलीत रविवारी उपासना होते, आणि खुर्च्या कमी पडल्या की शेजारचे मुसलमान दुकानदार आपली बाके देतात.

या मंडळीचा उन्हाळा मोठा गजबजलेला असतो. परीक्षा आटोपल्या की मुलांची दहा दिवसांची शास्त्रशाळा भरते. सकाळी प्रार्थना, गाणी, बायबलातील एखादी गोष्ट, मग हस्तकाम, आणि शेवटी ताक व केळे. अशी सुट्टीतली शाळा न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांना काही चांगले मिळावे एवढाच त्यामागे हेतू होता. तरुणांचे एक शिबिर असते. स्त्रिया आजाऱ्यांच्या घरी जाऊन येतात. स्टेशनाजवळ पाण्याचे माठ ठेवले जातात. यात जगावेगळे काही नाही. उल्हासनगरचे नानकपंथी सिंधी बंधू आणि गुरुद्वारे जूनमध्ये गुरू अर्जनदेवांच्या स्मरणार्थ रस्त्यावर छबील लावतात, तिचे गोड थंड दूध आपणांपैकी पुष्कळांनी प्यायलेले असेल. आपली मंडळे पाणपोया घालतात. उन्हाळ्यात धर्माला पाण्याची आठवण होते, आणि ती चांगलीच गोष्ट आहे.

आता मुद्द्याकडे येतो. या मंडळीने काही वर्षांपूर्वी ठरविले, की शास्त्रशाळेचे दहा दिवस आपल्याच मुलांपुरते न ठेवता बारवी धरणाकडच्या एखाद्या आदिवासी पाड्यावरही वर्ग भरवावा. वह्या घेतल्या, रंगपेट्या घेतल्या, चाळीस मुलांचा शिधा टेम्पोत भरला. मूळगावचा खंडोबा मागे टाकून टेम्पो वर गेला. पाड्यावर मुले सापडली सहा. चार दारांना कड्या होत्या. बांधलेल्या शेळ्या आणि म्हातारी माणसे एवढीच वस्ती. एका आजीबाईंनी सांगितले, "पोरं भट्टीवर. पावसाच्या तोंडाला येतील."

ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या कातकरी कुटुंबांचे वर्ष कसे चालते, हे शहरात फारसे ठाऊक नसते. पावसाळ्यात भाताची कामे. दिवाळीच्या आगेमागे वीटभट्टीचा मालक उचल देतो. ती लग्नात, दुखण्यात, जुन्या देण्यात जाते, आणि ती फेडण्यासाठी अख्खे घर बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर जाते. हिशेब जोडीचा, म्हणजे नवराबायकोचा, आणि तो हजार विटांमागे. ऊन चढण्याआधी काम उरकावे म्हणून रात्र सरण्यापूर्वीच चिखल तुडवायला लागायचे. बाप साच्यात माती थापतो, आई चिखल आणून देते, आणि आठ-दहा वर्षांचे पोर कच्च्या विटा उलटून ठेवते. दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. तिची नोंद मालकाच्या वहीत होते, आणि मे संपता संपता जो हिशेब होतो, त्यात काही हाती पडते किंवा उलट अंगावर राहते. अंगावर राहिले, की पुढच्या वर्षी तीच भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. तो कागदावर स्पष्ट आहे. वहीत काय लिहिले आहे ते वाचता न येणाऱ्या माणसाला मात्र तो उपयोगी पडत नाही.

तेव्हा मे महिन्याची सकाळ, जी शहरातल्या मुलाला मोकळी, तीच त्या मुलाची कामाची वेळ. आणि मे महिन्यातला पाडा ही त्याच्या घराची जागा असली, तरी तो तिथे नसतो. मंडळीच्या लोकांची माया खोटी नव्हती. वेळ, जागा आणि वह्या ठरविल्या त्या बैठकीत पाड्यावरचे एकही माणूस नव्हते, एवढेच.

इथे आम्हांला त्यांच्याच पंथाच्या इतिहासातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जर्मन तर येतच नाही. इंग्रजी भाषांतर घेऊन, शेजारी शब्दकोश ठेवून वाचले. सॅक्सनीत लाइसनिग नावाचे एक लहान गाव आहे. १५२३ साली तिथल्या लोकांनी मंडळीच्या सामाईक निधीची एक नियमावली केली, आणि ल्यूथरने तिला प्रस्तावना लिहून ती छापविली. मठांचे आणि देणग्यांचे उत्पन्न एका पेटीत जमा करावे, आणि त्यातून पाळकाचा पगार, मुलामुलींची शाळा, अनाथ, म्हातारे व अपंग यांचा सांभाळ, आणि टंचाईसाठी धान्याचा साठा हे सर्व चालवावे. एखाद्या कारागिराचा धंदा बसला तर त्याला बिनव्याजी कर्ज द्यावे, आणि तो खरोखरच फेडू शकला नाही तर देवासाठी ते सोडून द्यावे. उचल आणि अंगावरचे देणे यांच्या शेजारी हे कलम ठेवून पाहावे.

पण आमचे मन बसले ते पेटीच्या कुलपांवर. पेटीला चार कुलपे आणि चार निरनिराळ्या किल्ल्या. एक सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक गावातल्या नागरिकांकडे आणि एक आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांकडे. पंच दहा, त्यांतले दोन सरदारांचे, दोन परिषदेचे, तीन नागरिकांचे आणि तीन शेतकऱ्यांचे. वर्षातून तीनदा सर्वांची सभा, आणि तीत हिशेब वाचून दाखवायचा. आमच्या संघटनेत सर्वसाधारण सभेपुढे हिशेब मांडताना कोणी कुरकुरले, की आम्ही त्याला या पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन शेतकऱ्याची आठवण देतो. चौघे हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. शेतकऱ्याला त्यातून मिळणार आहे आणि किल्लीही त्याच्याकडे आहे. तो हात पसरून उभा नाही.

ही योजना सुरळीत चालली असे मात्र समजू नये. परिषदेने देणग्यांची मिळकत पंचांच्या हाती देण्यास नकार दिला, आणि ल्यूथरने वरपर्यंत रदबदली करूनही फारसे निष्पन्न झाले नाही. त्याहून वाईट पुढेच घडले. १५२५ च्या मार्चमध्ये बंडात उतरलेल्या दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे बारा मागण्या लिहिल्या. पाळक आम्ही निवडू, नदीतील मासा आणि रानातील लाकूड आम्हांला घेऊ द्या, वेठ कमी करा, गावाची सामाईक जमीन परत द्या. ल्यूथरने आरंभी दोन्ही बाजूंस समज दिली, जमीनदारांनाही बरेच सुनावले. पण बंड पेटल्यावर त्याने शेतकऱ्यांना निर्दयपणे चिरडावे असे लिहिले, आणि ते हजारोंनी मारले गेले. मंडळीतल्या आमच्या मित्रांपुढे हे आम्ही झाकून ठेवीत नाही, आणि तेही ऐकून घेतात.

आपल्या देशातही तसे घडले. बिरसा मुंडा चाईबासा येथील जर्मन मिशनच्या, म्हणजे याच पंथाच्या, शाळेत शिकला. मुंडा लोक मिशनकडे आले त्यात जमिनीची आशा मोठी होती, की साहेब जमीनदाराविरुद्ध आपली बाजू घेतील. जमिनीच्या लढ्यात मिशनरी आणि मुंडा सरदार यांचे बिनसले, आणि बिरसा शाळा व मिशन दोन्ही सोडून गेला. १९०० साली तो रांचीच्या तुरुंगात वारला. शाळा दिली, औषध दिले, पण जमिनीचा प्रश्न आला तेव्हा किल्ली दिली नाही, असे आम्ही त्याचे वाचन करतो. कोणी निराळे वाचील.

ख्रिस्ती मंडळी पाड्यावर गेली की धर्मांतराची शंका निघते. ती शंका विचारण्यात गैर काही नाही, आणि तिचे उत्तर मुंबईतच एकदा चांगले दिले गेले आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात गिरणी-गोदी कामगारांच्या वस्तीत नागपाडा नेबरहूड हाऊस काढले. हिंदू, मुसलमान, ज्यू सर्वांना ते खुले होते. वाचनालय, खेळ, दवाखाना, भाषणे तिथे चालत, आणि सेवेच्या बदल्यात धर्म मागायचा नाही, हा त्यांचा दंडक. त्याच वास्तूत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उघडले, मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. तीच आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पाहुण्याने शेजारी व्हायचे ठरविले तर किती दूर जाता येते, ते यात दिसते. आमच्या ओळखीच्या मंडळीनेही आता पाड्यावरच्या वर्गातून शास्त्रपाठ वगळला आहे. तो आपल्या खोलीत रविवारी होतो, ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे.

आणि बारवीविषयी बोलल्याशिवाय इथून उठता येणार नाही, कारण समोरच्या तांब्यातले पाणी तिथलेच आहे. हे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, १९७२ चे. कारखाने आणि ठाणे जिल्ह्यातली बरीचशी शहरे त्यावर तहान भागवितात. उंची वाढवीत वाढवीत ते ७२.६० मीटरच्या पातळीस नेले गेले, आणि साठवण ३४० दशलक्ष घनमीटरांच्या आसपास झाली. २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव पाणी साठले तेव्हा तोंडली, काचकोली, मोहघर अशा वस्त्या त्याखाली गेल्या. हजाराहून अधिक कुटुंबांचा तो प्रश्न होता. नोकरी, भरपाई, नवी घरे यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले, आणि जे मिळाले ते भांडूनच मिळाले. धरणाच्या भोवतालच्या डोंगरपाड्यांवर मात्र एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन ओहोळातल्या झिऱ्यावर बसतात. खाली अथांग पाणी दिसते, आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे असते. आपण तिकडे सुट्टीच्या दिवशी धरण पाहायला जातो, भजी खातो, परत येतो. जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही.

ती सुट्टी तरी कोणी मिळवून दिली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षे चिकाटीने मागणी लावून धरून १८९० च्या जूनमध्ये आठवड्याची सुट्टी मिळविली. साहेबाचा रविवार चर्चचा, आणि आमचा खंडोबाचाही वार तोच, असे लोखंड्यांचे म्हणणे सांगतात. सत्यशोधकाने साहेबाच्या आणि खंडोबाच्या वारातून मजुराची विश्रांती काढली, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटते. भट्टीवर तो रविवार अजून पोहोचलेला नाही. खर्ची मिळते त्या बाजाराच्या दिवशी तेवढी दुपारनंतर उसंत असते.

ही उसंतीची वेळ मंडळीला कळली ती पाड्यावरच्याच एका बाईंकडून. गेल्या वर्षीच्या बैठकीला पाड्यावरून दोन बायका आणि एक मुकादम बोलावले होते. वह्यांवर त्यांनी एक शब्द काढला नाही. वर्ग भट्टीवर घ्या, बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला घ्या, आणि पोरांना पहिल्यांदा आकडे शिकवा, असे त्यांनी सांगितले. पाळकबुवांनी विचारले, आकडेच का? बाई म्हणाल्या, "बापाची वही वाचायला." त्या उन्हाळ्यात हस्तकाम बाजूला राहिले आणि मुलांनी हजार, पाचशे, अडीचशे यांच्या बेरजा मातीत काठीने केल्या. शिधा होता तोच, ताकही होते. भट्टीमालकाने सुरुवातीला नाक मुरडले, मग बाजेवर बसून तोही ऐकू लागला. तो काही राक्षस नाही, त्याच्या डोक्यावरही कोळशाचे देणे असते. पण वहीची दुसरी प्रत असावी हे त्याला अजून पटलेले नाही.

आता मे अर्धा होत आला. महिनाअखेरीस भट्ट्यांवर हिशेब होतील. मंडळीचे दोन तरुण आणि आमच्या संघटनेचा एक सभासद त्या दिवशी मजुरांच्या बाजूने वही घेऊन बसणार आहेत, मजुरांनीच तसे बोलावले आहे. भट्ट्या चार आहेत, आणि हिशेब बहुधा एकाच दिवशी निघतात. आपणांपैकी कोणाला बेरीज-वजाबाकी स्वच्छ येत असेल, दिवसभर उन्हात बसण्याची तयारी असेल, आणि शक्य तर स्वतःची मोटारसायकल असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्ही बाहेर पाण्याच्या माठापाशी उभे आहोत.