प्रौढांना शिकविणाऱ्यांचे शिक्षण



साक्षरतेचा विषय निघाला की किती निरक्षर साक्षर झाले याची संख्या सांगितली जाते. त्यांना शिकविणारा कितपत तयार झाला होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वर्गाचे उद्घाटन होते, पाट्या-पुस्तके वाटली जातात, पहिला आठवडा उत्साहात जातो आणि दोन-तीन महिन्यांनी वर्गात मोजकीच माणसे उरतात. मग “या लोकांनाच शिकण्याची हौस नाही” असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी पाटी घेऊन येतो, तेव्हा त्याची हौस सिद्ध झालेली असते. तो परत जातो याचे कारण बहुधा शिकविण्याच्या रीतीत असते.

महाराष्ट्राला या कार्याची मोठी परंपरा आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षकांनी आणि गावातील शिकलेल्या मंडळींनी रात्रीचे वर्ग चालविले. संपूर्ण गाव साक्षर झाले की गौरव समारंभ होई आणि ग्रामदेवतेच्या साक्षीने शिक्षण टिकविण्याची प्रतिज्ञा घेतली जाई. तथापि समारंभानंतर जेथे वाचन-लेखनाचा सराव राहिला नाही, तेथे शिकलेली अक्षरे पुन्हा विस्मरणात गेली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्या वेळी वर्ग चालविणाऱ्यास महिना पन्नास रुपये मानधन मिळे. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी केरळमधील एर्नाकुलम हा देशातील पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून घोषित झाला.

या मोहिमांत प्रशिक्षणाची रचना पायऱ्यापायऱ्यांची होती. तज्ज्ञांनी मुख्य प्रशिक्षकांना, त्यांनी पुढच्या प्रशिक्षकांना आणि त्यांनी गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवावयाचे. थोड्या काळात हजारो माणसे उभी करण्यास दुसरा मार्गही नव्हता. परंतु प्रत्येक पायरीवर वेळ आटत जातो, प्रात्यक्षिक गळते आणि शेवटी उरते ते केवळ व्याख्यान. ज्याला प्रत्यक्ष वर्गासमोर उभे राहावयाचे आहे, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी शिक्षण येते, ही या रचनेतील मोठी उणीव होय.

प्रौढ हा उशिरा शाळेत आलेला बालक नव्हे, हे शिक्षकाच्या मनावर प्रथम बिंबले पाहिजे. त्याने संसार केला आहे, शेती केली आहे, देणी फेडली आहेत. त्याला ‘बदक’ आणि ‘कमळ’ वाचून दाखविण्याची घाई नसते. त्याला स्वतःचे नाव लिहावयाचे असते, एसटीची पाटी वाचावयाची असते, शिधापत्रिकेवर काय लिहिले आहे ते पाहावयाचे असते. म्हणून परिचित शब्दापासून आरंभ करून त्यातील अक्षरे सुटी करण्याची रीत प्रौढांना मानवते. चुकलेल्या प्रौढाला चारचौघांत हटकणे हा तर वर्ग बंद पाडण्याचा हमखास उपाय आहे. सुनेच्या वयाच्या शिक्षिकेने सासूच्या वयाच्या विद्यार्थिनीची चूक कशी दाखवावी, हेही शिकावेच लागते.

अंकज्ञानाच्या बाबतीत तर अधिकच सावधपणा हवा. निरक्षर माणसाला हिशेब येत नाही हा मोठा गैरसमज आहे. ब्राझीलमधील रेसिफे येथे रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना ती मुले जवळजवळ सर्व हिशेब बरोबर करीत. तेच हिशेब नुसत्या आकड्यांत कागदावर मांडून दिले की निम्म्याहून अधिक चुकत. आपल्याकडील भाजीविक्रेत्या बाईंनाही हे लागू पडते. साठ रुपये किलोच्या भावाने पाऊण किलोचे किती, असे विचारले तर त्या क्षणात सांगतील, “अर्ध्याचे तीस, पावाचे पंधरा, झाले पंचेचाळीस.” शिक्षकाने हीच रीत फळ्यावर मांडली, तर आपल्याला गणित येत होते, केवळ लिहिता येत नव्हते, हे त्यांना उमगते.

परंतु ‘पंचेचाळीस’ लिहिण्यास सांगितले की त्या बहुधा ५४ लिहितील. हा दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. मराठीत उच्चार करताना पाच आधी येतात व चाळीस नंतर. कागदावर मात्र चार आधी लिहावा लागतो. ‘एकोणपन्नास’ म्हणताना पन्नासाचे नाव निघते आणि लिहिताना पुन्हा चार येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादाच्या मुळाशी हीच अडचण होती. प्रशिक्षित शिक्षक येथे रागावत नाही. तो दहाच्या चार नोटा डावीकडे आणि रुपयाची पाच नाणी उजवीकडे ठेवतो. अप्रशिक्षित शिक्षक तोच आकडा शंभर वेळा गिरवावयास लावतो.

हिशेबाच्या अज्ञानाची किंमतही फार मोठी असते. खासगी सावकार ‘शेकडा दोन’ म्हणतो, तेव्हा ते व्याज दरमहाचे असते. बँक ‘बारा टक्के’ म्हणते, तेव्हा ते वर्षाचे असते. दोन हा आकडा बारापेक्षा लहान दिसतो आणि माणूस फसतो. दहा हजार रुपयांवर सावकाराचे वर्षाचे व्याज दोन हजार चारशे होते आणि बँकेचे बाराशे. साक्षरता मिशनच्या निकषांत व्याजाच्या साध्या ज्ञानाचा समावेश होता. परंतु शिकविणाऱ्या तरुणालाच हा फरक समजावून सांगता आला नाही, तर नवसाक्षर सही करील आणि कर्जात मात्र पूर्वीसारखाच बुडेल. अंगठ्याच्या जागी सही आली, एवढ्याने साक्षरता पूर्ण होत नाही.

याउलट एक आशादायक उदाहरण ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात पाहावयास मिळाले. फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी, गावातील शिक्षकाच्या पुढाकाराने व एका धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या साहाय्याने, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी लुगड्यांचा गणवेश परिधान करून दप्तर-पाटीसह येऊ लागल्या. कामधाम आटोपल्यानंतरची दुपारची वेळ निवडण्यात आली. शिकविणारी गावातीलच सून होती. वेळ, जागा, वेष आणि शिक्षिका या सर्वांत शिकणाऱ्यांची सोय व प्रतिष्ठा पाहिली गेली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हाच दृष्टिकोन रुजविला पाहिजे.

२०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्र शासनाने आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची, म्हणजेच ‘उल्लास’ची, भिस्तही स्वयंसेवकांवरच आहे. पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी असलेल्या या कार्यक्रमास सामाजिक संस्था मोलाचे साहाय्य करू शकतात. पाट्या वाटण्यापूर्वी शिक्षक निवडावा. त्याला दोन-चार दिवस केवळ भाषणे ऐकवू नयेत. प्रत्यक्ष प्रौढांसमोर पाठ घेण्यास लावावे व अनुभवी व्यक्तीने तो पाहावा. त्यानंतर दर महिन्यास सर्व शिक्षकांची बैठक व्हावी. कोण येईनासे झाले, कोणता धडा अडला, कोणत्या युक्तीने जमले, याची प्रत्येकाने वही ठेवावी आणि ती बैठकीत वाचली जावी. प्रवासखर्च व अल्प मानधन वेळेवर द्यावे. वर्षातून एकदा उजळणी वर्ग व्हावा, कारण शिकविण्याची विद्याही सरावाविना गंजते.

हा खर्च दिसून येत नाही. त्यावर देणगीदाराच्या नावाची फरशी बसविता येत नाही. परंतु वर्ग सोडून गेलेला प्रौढ सहसा दुसऱ्यांदा येत नाही. “विद्या आपल्या नशिबी नाही” असे म्हणत तो घरी जातो आणि हेच शब्द त्याच्या घरातील मुलांच्याही कानी पडतात. त्याला पहिल्याच वेळी जाणता शिक्षक मिळावा, एवढी व्यवस्था समाजाने केली तरी फार मोठे कार्य घडेल.