मोडीत घालण्यापूर्वी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस 'आपल्या समाजाचा इतिहास' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. हा विषय निघाला की त्वष्ट्याची पुराणकथा, कोकणातून पुण्यास झालेले आगमन, पेशवाईतील राजाश्रय आणि कसब्यातील तांबट आळीची वसाहत, एवढे सांगून बहुधा वक्ता खाली बसतो. ही परंपरा आपण सारे जाणता, म्हणून तिची उजळणी आम्ही करणार नाही. त्याऐवजी आपल्यासारख्याच हातावर पोट असलेल्या लोकांचा इतिहास एका परक्या देशाने कसा जपला, हे प्रथम सांगावे आणि मग आपल्या घराकडे वळावे, असा आमचा मानस आहे.

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे येतात. त्यांत राजाची तलवार असते, राणीचा शालू असतो; पण ती तलवार ज्या भट्टीत तापली ती भट्टी नसते आणि तो शालू ज्याने विणला त्याची झोपडी नसते. ही उणीव प्रथम स्वीडन देशातील आर्तुर हासेलियस या गृहस्थास तीव्रतेने जाणवली. इ. स. 1872 मध्ये ते आपल्या देशाच्या दालार्ना प्रांतात प्रवासास गेले असता, शेतकऱ्यांचा परंपरागत पोशाख व घरगुती वस्तू झपाट्याने नाहीशा होत असल्याचे त्यांनी पाहिले आणि त्या गोळा करण्यास आरंभ केला. पुढे नुसत्या वस्तूंवर त्यांचे समाधान होईना. त्यांनी जुनी लाकडी घरेच्या घरे उतरवून राजधानी स्टॉकहोम येथे आणली, ती पुन्हा जशीच्या तशी उभी केली आणि इ. स. 1891 मध्ये 'स्कान्सेन' नावाचे खुले संग्रहालय सुरू केले. त्या घरांतून त्या त्या काळच्या पोशाखातील माणसे वावरू लागली, अंगणात गुरे बांधली गेली, सणावारी लोकनृत्ये होऊ लागली. या कल्पनेचा असा बोलबाला झाला की पोलंड व हंगेरी या देशांच्या भाषांत 'स्कान्सेन' हा अशा संग्रहालयाला सामान्य शब्दच होऊन बसला.

याच कल्पनेचे दुसरे रोप ब्रिटनमधील वेल्स या प्रांतात लागले, आणि आमच्या आजच्या विषयाचा गाभा तेच होय. कार्डिफ शहराच्या पश्चिमेस काही मैलांवर सेंट फॅगन्स नावाचे गाव आहे. तेथील जुना वाडा व त्याभोवतालची बाग प्लिमथच्या अर्लने इ. स. 1946 मध्ये देऊ केली आणि 1948 मध्ये तेथे वेल्श लोकजीवनाचे संग्रहालय उघडले. त्याचे पहिले प्रमुख योरवर्थ पीट हे विद्वान खरे, परंतु जन्माने सुताराच्या घराण्यातील. कारागिराचे हत्यार ही केवळ वस्तू नसून तीत पिढ्यांची बुद्धी साठलेली असते, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही. वेल्सच्या निरनिराळ्या भागांतून घरे, गोठे, गिरण्या, देवळे उतरवून तेथे आणली गेली. दगड न् दगड, तुळई न् तुळई खुणेनिशी उतरवून पुन्हा रचली गेली. आज अशा चाळीसहून अधिक इमारती तेथे उभ्या आहेत. 1760 साली बांधलेली एक लोकरीची गिरणी तेथे आणली आहे, आणि ती केवळ पाहण्यासाठी नाही. तिच्यात लोकर रंगते, सूत निघते, कापड विणले जाते. यंत्र बंद पडले की ते समजेनासे होते आणि हात थांबला की हत्यार मुके होते, हे तत्त्व त्या मंडळींनी ओळखले.

यातील तीन गोष्टी आपल्या विचारास विशेष योग्य आहेत.

पहिली गोष्ट अशी. आरंभीची कित्येक वर्षे या संग्रहालयात शेतकरी व खेड्यातील कारागीर एवढेच होते. परंतु वेल्समधील असंख्य कुटुंबांनी कोळशाच्या खाणीत आणि लोखंडाच्या कारखान्यात आयुष्ये घालविली होती. त्यांचे काय? ते काळे, धुरकट जीवन 'वारसा' नव्हे काय? हा प्रश्न उपस्थित झाला, आणि 1987 मध्ये मर्थर टिडफिल या लोखंडाच्या गावातील कामगारांची सहा घरांची एक चाळ संग्रहालयात उभी राहिली. त्या चाळीची मांडणी मोठ्या कल्पकतेने केली आहे. पहिले घर 1805 सालचे, दुसरे 1855, तिसरे 1895, चौथे 1925, पाचवे 1955 आणि सहावे 1985 सालचे, असे सजविले आहे. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना चुलीची शेगडी होते, मेणबत्तीचा विजेचा दिवा होतो आणि शेवटच्या खोलीत दूरचित्रवाणी संच येतो. इतिहास म्हणजे कोठेतरी थांबलेला सुवर्णकाळ नव्हे, तो आपल्या डोळ्यांदेखत चाललेला असतो, हे सांगण्यास त्या सहा खोल्या पुरेशा आहेत.

दुसरी गोष्ट ओकडेल येथील कामगारभवनाची. 1917 मध्ये तेथील खाणकामगारांसाठी ही इमारत उभी राहिली आणि कामगारांच्या वर्गणीवर ती चालली. तीत वाचनालय होते, वृत्तपत्रे वाचण्याची खोली होती, सभा व नाचगाण्यांसाठी दिवाणखाना होता. जमिनीखाली राबणारा माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन येथे ग्रंथ वाचावयास बसे. पुढे खाणी मिटल्या, भवन ओस पडले. तेव्हा ते उतरवून सेंट फॅगन्स येथे आणण्यात आले आणि 1995 मध्ये पुन्हा उघडले. आजही तेथे सभा, संगीत व समारंभ होतात. सभासदांच्या वर्गणीतून मुलांना पुस्तके, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि लग्नकार्याला सभागृह देणाऱ्या आपल्यासारख्या संघांना या भवनात आपलेच प्रतिबिंब दिसेल. एका राष्ट्राने आपल्या राजवाड्याइतकेच आपल्या कामगारांचे वर्गणीचे सभागृह जपण्याजोगे मानले, ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरी गोष्ट दिसत नाही, ती ऐकू येते. या संग्रहालयाने वृद्ध स्त्रीपुरुषांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले. शेतीच्या अवजारांची नावे, पाककृती, अंगाईगीते, कारागिरांचे धंद्यातील शब्द, निरनिराळ्या खोऱ्यांतील बोलींचे हेल, अशी हजारो मुद्रणे तेथे आहेत. घर पडले तर त्याचे दगड तरी उरतात, शब्द गेला की त्याचे अवशेषही राहत नाहीत.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घरी येऊ.

लोकजीवनातील साध्या वस्तूंचे मोल ओळखणारे पुरुष आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या, आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभारले. त्या दालनांतून फिरताना आपल्या पूर्वजांच्या हातचे काम ओळखू येते. परंतु एका माणसाने आयुष्य वेचून जे केले, त्यापुढे आपण समाज म्हणून काय केले, हा प्रश्न उरतोच.

आपल्या जातीचे खरे दप्तर कोठे आहे? ते माळ्यावर आहे. घंगाळ, हंडा, कळशी, तपेले, परात, बंब या वस्तूंवर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे आपण पाहिली आहेत. कोणाच्या लग्नात कोणी दिले, मामाने की आत्याने, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे सारे त्या दोन ओळींत असते. बखरी राजांच्या असतात, तर भांड्यांवरची नावे घरांची असतात. ज्या स्त्रियांचा उल्लेख कोणत्याही कागदावर नाही, त्यांचे माहेरचे नाव कधी कधी केवळ एका कळशीच्या गळ्यावर उरलेले असते. आणि तेच दप्तर आपण दर दिवाळीस मोडीत घालतो! तांब्याचा भाव चढला की मोड बाहेर निघते. तराजूत तांबे तोलले जाते, नाव तोलले जात नाही. भट्टीत पहिल्या आचेला अक्षरे जातात.

मोड घालूच नये, असे आम्ही म्हणत नाही. मोड हा तर आपल्या धंद्याचा प्राणच होता. जुने वितळावे आणि नवे घडावे, हाच धातूचा धर्म. स्टेनलेस स्टील आले, गॅसचा बंब आला, कल्हईवाल्याची हाक गल्लीतून विरली, यात रडण्यासारखे सर्वच नाही. आईची चिंच लावून घासण्याची मेहनत वाचली, हेही विसरता कामा नये. आमचे म्हणणे एवढेच, की मोडीत घालण्यापूर्वी नोंद व्हावी.

तीच गोष्ट विद्येची. पत्रा ठोकला की तांबे कठीण होते, तापवले की पुन्हा मऊ होते. कठीण कोठे ठेवावे आणि मऊ कोठे करावे हे कारागिराचा कान सांगतो. मठारकामात गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याचे ठोके एकाशेजारी एक, एकाच वजनाने पडतात. त्यामुळे भांड्याला झळाळी येते आणि बळकटीही येते. बंबाच्या पोटात मधोमध निखाऱ्याची नळी आणि तिच्याभोवती पाणी, ही रचना इंधनाची केवढी काटकसर करते! हे ज्ञान ग्रंथात नाही. ज्यांच्या हातांत आहे त्यांची वये आपण जाणतो.

आता थोडे कटू बोलावयाचे आहे. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. सेंट फॅगन्सने खाणकामगाराचे काळे घर लपविले नाही, तसा आपणही आपला इतिहास धुऊन पुसून मांडू नये. ठोक्यांच्या आवाजाने आपल्या कित्येक आजोबांची श्रवणशक्ती गेली. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने तांबटांच्या बहिरेपणाची नोंद अठराव्या शतकाच्या आरंभीच करून ठेवली होती. आपण मात्र ते दैव म्हणून सोसले. शिवाय आपण घडविलेले भांडे सर्वांच्या घरी जाऊ शकत होते काय? 1935 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झनू गावी अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणण्यास सुरुवात केली, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही घटना 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या आपल्या 1936 च्या प्रबंधात नमूद केली आहे. आपल्या हातची कळशी कोणाच्या डोक्यावर असावी हे गाव ठरवीत असे. जातीचा इतिहास लिहिणाऱ्याने ही ओळ गाळली, तर उरलेले सारे पुस्तक खोटे ठरेल. आपला अभिमान कामाचा असावा. जन्माचा असेल तर तो अभिमान दुसऱ्याच्या अपमानावर उभा राहतो.

मग करावे काय? वाडा विकत घेऊन संग्रहालय उभारण्याइतके द्रव्य आपल्याजवळ नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून आमच्या सूचना संघाच्या ऐपतीतल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने या दिवाळीपूर्वी घरातील जुन्या भांड्यांवरची नावे, गाव व साल एका वहीत उतरवावे, अक्षरांचे छायाचित्र काढावे आणि त्याची एक प्रत संघाकडे द्यावी. ज्यांच्या हातात मोबाईल आहे अशा प्रत्येक नातवंडाने आजोबांकडून हत्यारांची नावे व आजीकडून कल्हईच्या, भट्टीच्या, हिशेबाच्या आठवणी बोलवून मुद्रित कराव्यात. स्त्रियांनी भांडी उजळली, गिऱ्हाईक सांभाळले, उधारी लक्षात ठेवली. त्यांचे बोलणे पुरुषांच्या बोलण्याआधी नोंदले जावे. हत्यारांचा एक पूर्ण संच संघाने मोडीतून सोडवून ठेवावा. आणि वर्षातून एकदा, याच संमेलनात, एखाद्या ज्येष्ठ कारागिराने सर्वांसमोर सपाट पत्र्यापासून एक भांडे घडवावे. मुलांनी त्याच्या हातातला हातोडा आपल्या हातात घेऊन पाहावा. त्यांतील सारी तांबट होणार नाहीत, व्हावीत असाही आग्रह नाही. परंतु आपला आजा कोणत्या वजनाचे आयुष्य रोज उचलीत होता, हे त्यांच्या मनगटाला एकदा कळेल.

वेल्समधील त्या चाळीत शेवटचे घर 1985 सालचे आहे. आपल्या समाजाची अशी चाळ कधी काळी उभी राहिली, तर तिचे शेवटचे घर आज आपण राहतो तेच असेल. त्या घरात मांडावयास काही उरेल की नाही, हे येत्या दिवाळीच्या मोडीवर अवलंबून आहे.